साडेसहा लिटर

पुण्याच्या शोरूमनं फोनवर सांगितलं : अडतीस हजार, टॅक्स वेगळा,
आणि गाडी एक रात्र ठेवावी लागेल.
मी म्हणालो, बघतो.
रविवारी लाईट गेली, माग गप्प झाले,
तेव्हा अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये
तिला दोन फळ्यांवर चढवली.

फळ्या जुन्या मागाच्या, सागवानी.
गाडी इतकी बुटकी की जॅक खाली जात नाही.
दोनशेच्या वेगात रस्त्याला चिकटून राहावी
म्हणून जर्मन लोकांनी तशी केलीय म्हणे.
आमच्याकडं होटगी रोडला दोनशे म्हणजे
खड्डे.
तिसऱ्या मालकाकडून घेतली, अकरा वर्षांची,
टॉवेलच्या एका बऱ्या सालात.
बायको अजून तिला 'ती' म्हणते, वेगळ्या अर्थानं.

शरणप्पा दारातच उभा.
"काय करलालाव मालक?
ट्रॅक्टर सांगा, टमटम सांगा, आत्ता खोलतो.
हिचा कंप्यूटर रुसला म्हणजे?"
बॅटरी मात्र त्यानंच धरली, लांबून.

पोटाखालचं प्लास्टिक काढलं. चौदा स्क्रू.
इंजिन आधी दहा मिनिटं चालवून ठेवलं होतं.
तापलेलं तेल पातळ होतं, घाण घेऊन उतरतं,
एवढं मला शिकवायला कुणी लागत नाही.
बोल्टाचे शेवटचे दोन आटे बोटांनी सोडवायचे
आणि हात झटकन मागं घ्यायचा.
नाही घेतला झटकन.
कोपरापर्यंत आलं, काळं, चटका देत,
उरलेलं शेंगतेलाच्या आडव्या कापलेल्या डब्यात.

नायनांच्या बनियनला हाच वास यायचा.
नाही, हा नव्हे. त्यांचा हलका, स्पिंडल ऑइलचा;
हा जळका.
मिलमध्ये ते ऑइलर. पगाराच्या चिठ्ठीवर : तेलवाला.
लांब चोचीचं कॅन घेऊन रात्रभर
चात्यांच्या रांगेतून चालायचे.
घरी आम्ही नूने म्हणायचो, शाळेत तेल,
शरणप्पाच्या घरी एण्णी.
दोन बोटांत थेंब घासून ते सांगायचे,
अजून किती दिवस चालेल.
मीही घासला.
काही कळलं नाही. फक्त बोटं काळी.

नवा फिल्टर, घड्या घातलेला पिवळा कागद.
रबरी रिंगेला तेलाचं बोट.
तांब्याचा वायसर, चाळीस रुपये,
अख्ख्या गाडीत एवढीच वस्तू मला परवडणारी.
शेजारच्या टूलरूममधून मागून आणलेला पाना
पंचवीसला टक् म्हणतो.
त्या टक्‌नंतर पाव फेरा अजून द्यायला
हात शिवशिवतो.
आपल्याकडं कुणी टक्‌वर थांबत नाही.
थांबलो.

साडेसहा लिटर ओतलं, मधाच्या रंगाचं.
मग डिपस्टिक शोधली. बोनेटखाली नुसती झाकणं.
शरणप्पानंही वाकून पाहिलं.
"काडीच नाही की हो हिला!"
आत बसलो. त्रेचाळीस डिग्री, एसी बंद,
सीटवर आमच्याच कारखान्याचा टॉवेल.
पडद्यावर अक्षरं : मापन सुरू आहे.
मापन सुरू आहे.
मापन सुरू आहे.
पातळी योग्य.
बरं.

याकूब कॅन घेऊन आला जळकं तेल न्यायला.
सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतो,
कुमठा नाक्याच्या पुढं कुणाचा तरी स्लॅब आहे बुधवारी.
नाकाशी धरून म्हणाला, भारी माल आहे,
प्लेट हात लावताच सुटेल.
पैसे विचारले. मी नको म्हणालो,
मग त्यानं शेंगाचटणीची पुडी ठेवली बोनेटवर,
काळ्या हातांनी ती कशी उघडायची ते न सांगता.

स्क्रू परत तेराच बसले.
चौदावा शर्टाच्या खिशात आहे,
धुण्यात सापडेल, मग बोलणी.

फळ्यांवरून उतरवत होतो, तेवढ्यात लाईट आली.
बारा माग एकदम सुरू.
खाली उतरून बोनेटवर तळवा टेकला,
ती चालू आहे की बंद
ते बघायला.